ग्राफची आडवी शेपटी

बंगळूर,
१८ जून १९९५

प्रिय मालन,

कॉलेज सुटल्यापासून तुझ्याकडून मला एक लग्नपत्रिका आली आणि माझ्याकडून तुला एक दिवाळीचं कार्ड गेलं. तेवढ्या ओळखीवर आज काम सांगतेय, रागावू नकोस.

घरून कळलं की तू डोंबिवलीत पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढलायस आणि तुझ्याकडे चार मशीन आहेत. इथे आमच्या अख्ख्या लॅबला मिळून तीन, आणि रांगेत माझ्यापुढे सगळे सीनियर.

माझा विषय तुला थोडक्यात सांगते. तार असो, रेडिओ असो, संदेश जाताना खरखर होते आणि शून्याचा एक, एकाचा शून्य होतो. अशा चुका आपोआप दुरुस्त व्हाव्यात म्हणून संदेशात जादा आकडे घालतात. दोन वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या मंडळींनी याची एक नवी पद्धत मांडली. मी तिची परीक्षा घेतेय. कॉम्प्युटरवर खोटा संदेश, खोटी खरखर, आणि शेवटी किती चुका उरल्या त्याचा ग्राफ. सिग्नल जरा वाढवला की ग्राफ घसरगुंडीसारखा खाली येतो. पण माझ्या ग्राफला तळाशी एक आडवी शेपटी आहे. तिथून पुढे सिग्नल वाढवला तरी चुका फारशा कमी होतच नाहीत.

सर म्हणतात, "प्रोग्राममध्ये घोळ आहे, शोध." मी महिनाभर शोधला, नाही सापडला. माझं म्हणणं, शेपटी खरी आहे. पण त्या भागात चूक इतकी क्वचित होते की ती पकडायला मशीन दिवसेंदिवस चालू ठेवावं लागतं. डिसेंबरपर्यंत मला हे दाखवता आलं नाही तर विषय बदलायचा, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

फ्लॉपी सोबत आहे. एखादं मशीन रिकामं असेल तर चालवशील?

तुझी,
शालू

*

डोंबिवली,
२ जुलै १९९५

शालू, बये,

"प्रिय मालन" वाचलं तेव्हाच कळलं, काहीतरी काम निघालंय. एरवी तू मला कधी प्रिय म्हणालेलीस?

फ्लॉपी धडधाकट पोचली. चौथ्या मशीनचा मॉनिटर हिरवा दिसतो, त्याच्यापुढे बसायला पोरं तयार नसतात. दिवा स्टेशनहून येणारा एक जण तर म्हणाला, "मॅडम, याच्यावर शिकून माझे डोळे शेवाळतील." तर ते मशीन तुझं. मशीन चालू केलं की तुझा प्रोग्राम आपोआप सुरू होतो, अशी सोय करून ठेवलीय. म्हणजे मी बाजारात गेलेली असले तरी अडायला नको. निकाल एका फाइलमध्ये साठत जातात.

सासूबाईंनी विचारलं, "हे दिवसभर काय मोजतंय?" मी म्हटलं, चुका. त्या म्हणाल्या, "कुणाच्या?" मला सांगता येईना. तू सांग. मी कोड-बिड सगळं विसरले गं, इथे मी वर्डस्टारवर पत्रं टाइप करायला शिकवते. तेव्हा सासूबाईंना कळेल असं लिही, म्हणजे मलाही कळेल.

आणि हो, सहदेवने तुला नमस्कार सांगितलाय. नवरा चांगला आहे. विजेचं बिल त्याला अजून आलेलं नाही, ते आलं की पुन्हा कळवते.

मालन

*

बंगळूर,
१४ जुलै १९९५

प्रिय मालन (आता मुद्दाम),

सासूबाई पेपरातलं शब्दकोडं सोडवतात का? समज, एकच कोडं दोन बहिणींना दिलंय. थोरलीकडे फक्त आडव्या शब्दांच्या खुणा आहेत, धाकटीकडे फक्त उभ्या. थोरली जमेल तेवढं भरते आणि धाकटीला सांगते, "या चौकोनात बहुतेक 'क' आहे, त्या चौकोनाची मात्र मला खात्री नाही." धाकटी ते ध्यानात घेऊन आपल्या खुणा पुन्हा वाचते, चार अक्षरं सुधारते, आणि थोरलीकडे परत पाठवते. अशा फेऱ्या होत जातात. दर फेरीला कोडं अधिक स्वच्छ होतं. एकटीला जे सात जन्मांत सुटलं नसतं, ते दोघींना काही फेऱ्यांत सुटतं.

आमच्या कोडात या बहिणी म्हणजे दोन डिकोडर, आलेला संदेश उलगडून चुका सुधारणारे. संदेश एकदा सरळ क्रमाने कोडात घालतात आणि एकदा पत्त्यांसारखा पिसून, म्हणजे दोघींच्या खुणा वेगवेगळ्या होतात.

यात एक पथ्य आहे. धाकटीने जे सांगितलं तेच थोरलीने तिला परत ऐकवायचं नाही. स्वतःला नव्याने कळलेलं असेल तेवढंच बोलायचं. नाहीतर, "तूही हेच म्हणतेस ना, मग खरंच असणार," असं करत दोघी एकमेकींच्या चुकीवर शिक्का मारतात.

आणि माझा प्रश्न एवढाच, की इतक्या शहाण्या बहिणी शेवटी काही कोड्यांवर हटकून का अडतात?

तुझी,
शालू

*

डोंबिवली,
८ सप्टेंबर १९९५

शालू,

गणपती पार पडले, घर पुन्हा माणसांत आलं. सोबतच्या फ्लॉपीत आजपर्यंतचे निकाल आहेत. मी स्वतः ग्राफ काढून पाहिला. तुझी शेपटी इथेही आहे, अगदी त्याच उंचीवर! बंगळुरात एक मशीन, डोंबिवलीत दुसरं, आणि दोघांचं एकमत. आता तुझ्या सरांना काय म्हणायचंय?

घाईत आहे, बॅच आलीय.

मालन

*

बंगळूर,
१७ सप्टेंबर १९९५

मालन, मालन, मालन!

फ्लॉपी घेऊन मी पळतच सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही ग्राफ खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरले आणि ठिपका न ठिपका पडताळला. मग म्हणाले, "इतका जुळतो?" मी म्हटलं, इतका. पुढच्या महिन्यात मला सगळ्या विभागासमोर सेमिनार द्यायचाय. मेसमध्ये मी आज दोनदा खीर घेतली.

तुला मात्र मी फार त्रास दिला. तुझा संसार, तुझा क्लास, त्यात माझं हे लोढणं. आता मशीन बंद केलंस तरी चालेल. तुझे उपकार कसे फेडू?

तुझी,
शालू

*

डोंबिवली,
२६ सप्टेंबर १९९५

शालू,

तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला आणि मग रागच आला. उपकार? लोढणं?

एक सांगते, लपवून ठेवलेलं. मी ऑगस्टात तुझ्या घरी, चेंदणीला गेलेले. तुझ्या आईला म्हटलं, सहज आले. सहज नव्हते आले, तुझं कॉलेजचं ते कोडिंगचं जाड पुस्तक मागायला आलेले. आईने ते माळ्यावरून काढून दिलं, पदराने पुसलं, आणि विचारलं, "तिकरं मासली मिलते का गो तिला?" मी ठोकून दिलं, रोज मिळते. सुका जवळा दिलाय, पार्सलने पाठवते.

तेव्हापासून सकाळी पोरं यायच्या आधी मी ते पुस्तक घेऊन बसते. तुझा प्रोग्राम ओळ न ओळ वाचलाय. लग्न ठरलं तेव्हा एम.टेक.ची मिळालेली जागा मी सोडली, आणि सगळ्यांना सांगत राहिले की मला तसाही कंटाळा आलेला. कंटाळा नव्हता आलेला. तेव्हा मशीन बंद कर असं मला सांगू नकोस. हे मी तुझ्यासाठी करत नाहीये.

गेल्या गुरुवारी गणपती दूध पितोय म्हणून अख्खी डोंबिवली देवळापुढे रांगेत होती. क्लासला एकही पोर नाही. मी, पुस्तक आणि हिरवा मॉनिटर. इतका चांगला दिवस कितीतरी दिवसांत गेला नव्हता.

मालन

ता. क. चि. शालूस आशीर्वाद. मी मालनची सासू, गंगुबाई. ती चहा टाकायला उठली आहे म्हणून चार ओळी लिहिते. तुझ्या यंत्राची काळजी करू नकोस. इथे वीज सारखी जाते, पण आली की मी लगेच त्याचं बटण दाबते. ते बिचारं दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतं आणि अगदी तेच आकडे त्याच क्रमाने दाखवतं. मला तर पहिली ओळ पाठ झाली आहे. फार इमानी यंत्र आहे. पाकीट मीच चिकटवते.

*

बंगळूर,
४ ऑक्टोबर १९९५

मालन,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यावर मला पुष्कळ लिहायचंय. पण आधी सासूबाईंच्या ताज्या कलमाबद्दल. तू ते वाचलेलं नाहीस, खरं ना?

वीज आल्यावर प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, आणि खोटी खरखर दर वेळी एकाच आकड्यापासून बनवतो. ती सोय मीच करून ठेवलेली, चुका शोधायला बरं पडतं म्हणून. म्हणजे तुझ्या मशीनने आठवडेच्या आठवडे नवीन काही तपासलंच नाही. तीच खरखर, त्याच चुका, पुन्हा पुन्हा मोजल्या. आपल्याला वाटलं ढीगभर पुरावा आहे. आणि कहर म्हणजे, तुला पाठवलेल्या फ्लॉपीत तो सुरुवातीचा आकडा बदलायचा मी विसरले. माझ्या मशीनवर होता तोच तिथे. म्हणून ग्राफ "इतका" जुळला! तुला जे पथ्य मी शहाणपणाने समजावलं, तेच आपण दोघींनी मोडलं. मी म्हटलेलंच तू मला परत ऐकवलंस आणि मी खीर खाल्ली.

काल सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, आता विषय गेला. त्यांनी विचारलं, "ते बटण कोण दाबत होतं?" मी म्हटलं, मैत्रिणीची सासू. सर इतके हसले की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. मग गंभीर होऊन म्हणाले, "सेमिनार रद्द. पण डिसेंबर अजून लांब आहे."

आता तू ठरव. नव्या आकड्यांपासून सुरू करायचं, आणि वीज गेली तर जिथे थांबलं तिथूनच पुढे. हे तुला जमेल, तू प्रोग्राम ओळ न ओळ वाचलायस. मी तुला फक्त मशीन चालवणारी समजत राहिले. तेवढं मनात ठेवू नकोस.

तुझी,
शालू

*

डोंबिवली,
१८ ऑक्टोबर १९९५

शालू,

सासूबाईंनी ते कलम लिहिलेलं मला खरंच माहीत नव्हतं. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मी सांगितलं ते बरंच झालं की!"

मी प्रोग्राम बदलला. नुसती चुकांची संख्या नको, कुठल्या जागी चूक झाली तेही छाप, असं केलं. तीच चूक पुन्हा मोजली जातेय की नवी आहे, हे कळावं एवढाच हेतू होता. दर वेळी सुरुवातीचा आकडाही नवा. चारही मशीन लावली; दिवाळीची सुट्टी लवकर दिली म्हणून पोरं खूश.

आता नीट वाच. घसरगुंडीच्या भागात चुका वाटेल तशा, विखुरलेल्या. पण शेपटीच्या भागात त्या जवळजवळ नेहमी जोडीने येतात. एक जागा आणि तिच्यापासून सात घरं पुढची जागा. किंवा चौदा. सहा नाही, आठ नाही. मी त्या जोड्या पिसलेल्या क्रमात कुठे पडतात तेही पाहिलं. तिथेसुद्धा त्यांच्यात सात किंवा चौदा घरांचंच अंतर! आणि खरखर बदलली तरी त्याच मोजक्या जोड्या पुन्हा पुन्हा फसतात. या खेपेला वीज आणि सासूबाई दोघींचा यात हात नाही.

शेपटी खरी आहे, शालू. पण हे सात कुठून आलं? पुस्तकात शोधतेय. तुला आधी सापडलं तर सांगू नकोस, मला दोन दिवस दे. नाही, सांगच.

मालन

*

बंगळूर,
७ नोव्हेंबर १९९५

मालन,

तुझं पत्र वाचून मी हॉस्टेलच्या जिन्यातच बसले. सात आपल्या कोडातच आहे! एक आकडा बदलला की कोडाचं चक्र फिरू लागतं, आणि बरोबर सात पावलांनी मूळ जागी येतं. नेमका त्याच क्षणी दुसरा आकडा बदलला तर चक्र थांबतं, आणि जादा आकड्यांत फारसा फरकच पडत नाही. एरवी पिसल्यामुळे ही जोडी दुसऱ्या बहिणीकडे लांब लांब फेकली जाते आणि चोरी पकडली जाते. पण आपल्या पिसण्यात काही जोड्या दोन्हीकडे सात घरांवरच राहिल्या. मग खरा संदेश आणि चुकीचा संदेश जुळ्या भावंडांसारखे दिसतात, आणि दोघी बहिणी अगदी ठामपणे चुकतात. मी आजवर फक्त किती चुका ते मोजत राहिले. कुठे, हे विचारलंच नाही.

यापुढचं मी मशीनला हात न लावता केलं. त्या वाईट जोड्या घेऊन शेपटी किती उंचीवर असायला हवी ते कागदावर काढलं. तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर तुझा ग्राफ. माझी रेषा तुझ्या ठिपक्यांमधून गेली. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "विषय बदलायचा नाही."

मग पिसण्याचा नवा नियम केला, सात-चौदा घरांवरची जोडी दुसऱ्या क्रमात तशी राहता कामा नये. शेपटी बरीच खाली गेली.

जानेवारीत पुण्याला परिषद आहे. पेपर पाठवलाय. लेखक म्हणून दोन नावं घातलीत. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. तू तिथे ये, मी भाषण करते, तू पहिल्या रांगेत बस.

तुझी,
शालू

*

बंगळूर,
९ जानेवारी १९९६

मालन,

परिषदेच्या फॉर्मवर संस्थेच्या जागी काय लिहू, असं विचारणारं तुझं इनलँड मिळालं. क्लासचं नाव लिही, लाजतेस काय?

दुसरी बातमी. मला कांजिण्या झाल्यात. हसू नकोस. अंगभर ठिपके, घसरगुंडी नाही, शेपटी नाही. डॉक्टरांनी खोलीबाहेर पडायला बंदी केलीय. प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शिका सरांसोबत पुण्याला पाठवतेय. भाषण तू करायचंस. सर म्हणाले, आपण पेपर मागे घेऊ. मी म्हटलं, ज्या बाईने सात शोधलं ती बोलेल. तेव्हा आता तू नाही म्हणालीस तर माझी सरांपुढे काय पत राहील?

शालू

*

डोंबिवली,
२२ जानेवारी १९९६

शालू,

बरी आहेस ना? खाजवू नकोस, डाग राहतात.

तर ऐक. सहदेव पुण्यापर्यंत सोबत आला आणि सभागृहाच्या दारातून पळाला. म्हणाला, मला बघून तू चुकशील. अध्यक्षांनी नाव पुकारलं, "मालन परब, परब कॉम्प्युटर क्लासेस, डोंबिवली." मागे कुणीतरी हसलं. मी पदर खोचला आणि पारदर्शिकांचा गठ्ठा उचलला.

पहिल्या दोन पारदर्शिका मी कशा दाखवल्या, मला आठवत नाही. एक उलटी लावलेली, एवढं आठवतं. पण जोड्यांपाशी आले आणि टिपणाकडे बघणं सोडलं. ते तर माझंच होतं ना. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की कुणी कागद चाळत नाहीये.

शेवटी मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "पिसायचा क्रम तुम्ही फार छोटा घेतलाय. तो लांबवला तर ही शेपटी नाहीशी होईल. मग या सगळ्याचा उपयोग काय?" बोलणं इंग्रजीत होतं, मी तुला मराठीत सांगतेय. याचं उत्तर आपल्या पेपरात नाही, शालू. मी तुझ्या सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे न बघता छताकडे बघत होते.

मी म्हटलं, "एक मिनिट द्या." खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड केलं. क्रम दुप्पट लांब केला तर सात घरांच्या जोड्या दुप्पट होणार. पण दुसऱ्या क्रमात त्यातली एखादी पुन्हा सात घरांवरच पडायची शक्यता निम्मी. म्हणजे वाईट जोड्या साधारण तेवढ्याच राहणार. पण आकडे दुप्पट झाले, म्हणून दर आकड्यामागे चूक निम्मी. मी वळले आणि म्हटलं, "नाही सर, नाहीशी होत नाही, खाली सरकते. नुसतं लांबवत नेण्यापेक्षा नीट पिसलेलं स्वस्तात पडतं." ते गृहस्थ फळ्यावरचं वहीत उतरवून घेत म्हणाले, "बरोबर आहे." हसणारा मागचा आवाज काही पुन्हा आला नाही.

चहाच्या वेळी तुझे सर माझ्याजवळ आले. मला वाटलं, उलट्या पारदर्शिकेबद्दल बोलतील. ते म्हणाले, "फळ्यावर जे लिहिलंस ते आधी तयार केलेलं?" मी म्हटलं, नाही, तिथेच सुचलं. त्यांनी कप खाली ठेवला. "लांबीचा हा भाग तू नीट लिहून काढायला हवास. उन्हाळ्यात तीन महिने बंगळूरला येशील? आणि मग पुढे काय ते बघू."

मी म्हटलं, घरी विचारून सांगते. गाडीत सहदेवला सांगितलं. लोणावळ्याला त्याने खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, "एम.टेक.चा तुला कंटाळा आलेला, हे मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. पण मी विचारायला हवं होतं." बस, एवढंच. कर्जतला त्याने दोन वडे घेतले आणि दोन्ही मला दिले.

सासूबाई म्हणाल्या, "जा, पण तिकडे भात कसा शिजवतात ते आधी विचार." उन्हाळ्याच्या बॅचला शिकवायला कल्याणहून एक मुलगी बोलावलीय.

तर आता तूच सांग. तुमच्या हॉस्टेलात लग्न झालेल्या बाईला खोली देतात का? देत नसतील, तर अंगावरचे ठिपके मोजून झाले की उठ आणि तुझ्या खोलीत दुसरी खाट मावते का ते मोजून ठेव. मी एप्रिलच्या शेवटी निघतेय.

मालन